चुकलेली माणसे आणि देवाची कृपा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरच्या कोणी विद्वान बाई येऊन आपल्याला चार गोष्टी सांगतात. यंदा घरातल्याच बाईने बोलावे असे ठरले आणि ते काम मजकडे आले. मी व्याख्यान देणारी नव्हे. पोळ्या लाटताना जे विचार मनात घोळतात तेच तुमच्यापुढे मांडणार आहे. कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्या.

आमच्या शेजारच्या एक वहिनी कधी कधी आपल्या बुधवारच्या दुपारच्या सभेला येऊन बसतात. त्या आपल्या धर्माच्या नव्हेत, पण त्यांना गोष्टी ऐकायला आवडतात. एकदा सभेत दावीद राजाची गोष्ट वाचली गेली. घरी जाताना वहिनी मला म्हणाल्या, "अहो, वाल्या कोळ्याची गोष्ट आमच्यातही आहे. पण तो आधी वाटमारी करीत होता आणि मग ऋषी झाला. तुमचा हा दावीद आधी देवाचा आवडता, आणि मग असा वागला! हे उलटेच की! आणि असले पुस्तक तुम्ही पोराबाळांपुढे वाचता कसे?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. "सांगेन केव्हातरी" म्हणून मी जिना चढले. आज त्या वहिनी समोर बसल्या आहेत, म्हणून आज ते उत्तर देते.

वहिनींचे म्हणणे खरे आहे. आपले शास्त्र चांगल्या माणसांचे वाईट झाकून ठेवीत नाही. अब्राहाम हा विश्वासणाऱ्यांचा बाप, पण मिसर देशात जिवाच्या भीतीने त्याने आपल्या बायकोला बहीण म्हणून सांगितले. याकोबाने आंधळ्या बापाला फसवून भावाचा आशीर्वाद घेतला. मोशेने मिसरी माणसाला मारून वाळूत पुरले. लिहिणाऱ्याला या गोष्टी गाळता आल्या असत्या. आपण मुलीचे स्थळ पाहायला आलेल्या मंडळींपुढे घरातले किती गाळतो! पण शास्त्राने गाळले नाही.

दावीदाचे पाहा. लढाईचे दिवस होते, सैन्य बाहेर आणि राजा घरी. संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याने बथशेबा ही स्नान करीत असलेली पाहिली. तिचा नवरा उरीया राजासाठीच लढायला गेलेला. राजाने तिला बोलावून आणले. ती गरोदर राहिली, तेव्हा पाप झाकण्यासाठी त्याने उरीयाला रणातून परत बोलावले, की त्याने घरी जाऊन राहावे. पण तो इमानी शिपाई. सोबती उघड्यावर निजत असता आपण घरी सुखाने कसे निजावे, म्हणून तो राजवाड्याच्या दारातच झोपला. मग राजाने सेनापतीला चिठ्ठी लिहिली की याला लढाई तुंबळ असेल तिथे पुढे उभे करा आणि मागे सरा. ती चिठ्ठी त्याने उरीयाच्याच हाती दिली. बिचारा आपले मरण स्वतः घेऊन गेला.

पुढे नाथान संदेष्टा आला. त्याने आरडाओरड केली नाही, एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे पुष्कळ गुरेमेंढरे होती आणि शेजारच्या गरिबाकडे एकच कोकरू, पोटच्या मुलीसारखे वाढवलेले. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने आपल्या कळपाला हात न लावता गरिबाचे ते कोकरू कापले. दावीद संतापला. असल्या माणसाला मरणच योग्य, असे बोलला. तेव्हा नाथान म्हणाला, महाराज, तो श्रीमंत आपणच.

इथे दावीदाचे मोठेपण दिसते. राजा होता, नाथानाचे डोके उडवू शकला असता. त्याने तसे केले नाही, 'मी पाप केले' असे कबूल केले. एक्कावन्नाव्या स्तोत्राच्या मथळ्यावर या प्रसंगाचीच नोंद आहे. देवाने त्याला क्षमा केली. पण भगिनींनो, क्षमा झाली म्हणून झालेले पुसले गेले नाही. त्याचे ते बाळ गेले. पुढे त्याच्या घरात भाऊ भावावर उठला, आणि अबशालोम हा मुलगा बापावर उलटला. उरीया तर परत आलाच नाही.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी प्रभूची वंशावळी आहे. आपण ती नाताळच्या दिवसांत भराभर वाचून टाकतो. नुसती नावे, त्यांत काय पाहायचे? पण त्या बापांच्या यादीत मरीयेच्या आधी चार बायका आल्या आहेत. तामार, राहाब आणि रूथ यांची नावे आहेत. चौथीचे नाव मात्र दिलेले नाही. तिथे बथशेबा असे म्हटले नाही, उरीयाची बायको असे म्हटले आहे. दावीद राजा, शलमोन राजा, आणि दोघांच्या मध्ये त्या मारलेल्या शिपायाचे नाव! तारणाऱ्याच्या कुळाच्या यादीतही देवाने उरीयाला विसरू दिले नाही.

यावरून मला समजले ते असे, की कृपा म्हणजे झाकाझाक नव्हे. आपण म्हणतो, जाऊ द्या, पांघरूण घाला. कृपा आधी पांघरूण काढते आणि मग त्या माणसाला जवळ घेते. आणि जवळ घेताना ज्याचे नुकसान झाले त्याला ती विसरत नाही.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या बायकांवर कृपेचे नाव घेऊन अन्याय होतो. नवरा दारू पिऊन मारतो, आणि तिला सांगतात, "तू ख्रिस्ती आहेस ना, मग क्षमा कर आणि गप्प राहा." भगिनींनो, नाथान कोणाकडे गेला ते पाहा. तो दावीदाकडे गेला. उरीयाच्या घरी जाऊन "जाऊ द्या, राजा आहे" असे सांगायला तो गेला नाही. ज्याने केले त्याच्यापुढे आधी उभे राहायचे असते. सोसणाऱ्याला उपदेश करणे सोपे आहे, पण ते शास्त्रातले नव्हे.

आता पेत्राकडे येऊ. प्रभूबरोबर मरायलाही तयार आहे, असे म्हणणारा हा शिष्य. त्याच रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात तो थंडीसाठी विस्तवाजवळ शेकत उभा राहिला, आणि एका साध्या दासीने विचारताच म्हणाला, मी त्याचा नव्हे. असे तीनदा झाले आणि कोंबडा आरवला. पुढे प्रभू उठल्यावर समुद्राच्या काठी पुन्हा कोळशांचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी ठेवली आहे आणि भाकर आहे. योहानाने दोन्ही ठिकाणी त्या विस्तवाची आठवण ठेवली आहे. प्रभूने आधी सर्वांना जेवू घातले. मग पेत्राला तीनदा विचारले, की तुझी माझ्यावर प्रीती आहे काय? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटले. वाटणारच, जखम धुताना दुखतेच. पण प्रत्येक वेळी उत्तर ऐकून प्रभूने त्याला काय दिले? आपली मेंढरे सांभाळायला दिली. जो पळाला त्याच्याच हाती राखण दिली.

यहूदालाही पस्तावा झाला होता, हे आपण विसरतो. त्याने तीस रुपये परत नेऊन टाकले. पण ज्यांच्याकडे तो गेला त्यांनी त्याला झिडकारले, आणि तो एकटाच निघून गेला. पेत्र रडला, पण सोबत्यांत राहिला. चुकलेल्या माणसाला रडायला सोबत मिळाली की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते. आपले मंडळ कोणत्या दारासारखे आहे, हे आपण विचारले पाहिजे.

हे सगळे जुन्या काळचे, परक्या देशातले, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या पुण्याशी नाते असलेली गोष्ट सांगते. पंडिता रमाबाई सर्वांना ठाऊक आहेत. १८८२ साली त्या विधवा झाल्या, लहान मनोरमेला घेऊन पुण्यास आल्या आणि इथे त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ साली त्या इंग्लंडला वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात गेल्या. या भगिनींचे काम आपल्या पुण्यातही होते. त्यांनी रमाबाईंना लंडनमध्ये फुलहॅम येथे आपले एक घर दाखवले. ज्यांना लोक पतित म्हणत अशा स्त्रियांना तिथे मायेने वागवीत. रमाबाई एवढ्या विदुषी, शास्त्रे मुखोद्गत असलेल्या, पण असे काम त्यांनी कुठे पाहिले नव्हते. त्यांनी विचारले, की तुम्ही हे कशासाठी करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी स्त्रीचा.

ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे. भर दुपारी ती याकोबाच्या विहिरीवर आली. पाणी भरायची ती वेळ नव्हे. नळाला पहाटे पाणी यायचे तेव्हा आपण सगळ्या एकत्र जमत होतो, आणि जिला कोणाचे तोंड चुकवायचे असे ती कधी यायची हे आपल्याला ठाऊक आहे. तिचे पाच नवरे झाले होते. तिने पाच सोडले, की पाच मेले, की पाचांनी तिला टाकले, हे शास्त्र सांगत नाही. आपण मात्र लगेच ठरवून मोकळ्या होतो. प्रभूने तिच्याजवळ पाणी मागितले. तिचे सगळे आयुष्य तिला सांगितले, पण तिला हाकलले नाही. उलट खऱ्या भक्तीविषयी जे थोर बोलणे त्याने केले ते तिच्यापाशी केले. ती घागर तिथेच टाकून गावात पळाली आणि जिला लोकांत यायची चोरी होती तीच लोकांना बोलावू लागली, की चला, ज्याने माझे सारे केलेले मला सांगितले तो माणूस पाहा.

रमाबाईंनी पुढे आपली साक्ष लिहिली, तीत सांगितले आहे की त्या अध्यायाने त्यांचे मन ओढले गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. आणि त्या हेही प्रांजळपणे सांगतात, की धर्म मिळाला तरी ख्रिस्त स्वतः मिळायला त्यांना आणखी सुमारे आठ वर्षे लागली. एवढ्या मोठ्या बाईने हे लपवले नाही!

पुढे १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्यास आणले. मग दुष्काळातल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती उभी राहिली. तिथे ज्या स्त्रियांना घर आणि समाज दोन्ही दारे बंद होती त्यांच्यासाठी वेगळे घर होते. त्याचे नाव कृपासदन. विहिरीवरच्या त्या बाईची गोष्ट लंडनला वाचली गेली आणि दौंडच्या वाटेवर केडगावच्या माळावर तिचे घर झाले. तिथल्या बायकांना नुसते ठेवून घेतले नाही, काम शिकवले. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले मराठी बायबल मुक्तीच्या छापखान्यात छापले गेले आणि त्याचे खिळे बायकांच्या हातांनी जुळवले. १९२२ साली रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतराचे काम नुकतेच पुरे झाले होते. ज्यांना लोकांनी टाकाऊ ठरवले अशा बायकांच्या घरातून देवाचे वचन छापून बाहेर पडले! पेत्राला मेंढरे दिली, तसेच हे नव्हे काय?

आता माझे स्वतःचे सांगते. जुन्या भगिनींना ते ठाऊक आहे. नव्यांना नाही, म्हणून सांगते. यात जिचा संबंध आहे तिला विचारूनच बोलत आहे.

२०१२ साली आपल्या नाताळ फंडाचा डबा माझ्याकडे होता. गरीब घरांना चादरी व धान्य देण्यासाठी आपण महिन्याला वर्गणी काढतो, तोच हा फंड. जूनमध्ये यजमानांचे काम सुटले. मुलाची फी भरायची होती. मी डब्यातून ३,६०० रुपये घेतले. वहीत लिहिले नाही. दिवाळीआधी परत ठेवीन असे मनाशी म्हटले. सगळेच असे म्हणतात. दिवाळी गेली, पैसे ठेवता आले नाहीत. नोव्हेंबरात चादरी आणायच्या म्हणून डबा सभेत उघडला आणि पैसे कमी भरले. सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटले, "मार्चमध्ये डबा माझ्याकडे आला तेव्हा मोजून घेतला नव्हता." मी कोणाचे नाव घेतले नाही. पण एवढे वाक्य पुरेसे होते. माझ्याआधी डबा जिच्याकडे होता तिच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या.

नऊ दिवस मी गप्प बसले. प्रार्थना केली, स्वयंपाक केला, रविवारी गाणीही गाइले. दहाव्या दिवशी दुपारी आपल्या त्या वेळच्या अध्यक्षबाई, ज्यांना आपण सगळ्या मावशी म्हणत होतो, माझ्या घरी आल्या. ओट्याशेजारी पाटावर बसल्या. चहा घेतला. मग म्हणाल्या, "पैसे कुठे गेले ते विचारायला मी आले नाही. ती बिचारी नऊ दिवस घराबाहेर पडली नाही, हे तुला ठाऊक आहे का, एवढेच विचारायला आले." माझ्या हातातली बशी खाली पडली.

मी रडले, सगळे सांगितले. मला वाटले, मावशी आता पाठीवरून हात फिरवून "असू दे, कोणाला सांगत नाही" म्हणतील. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, पण तसे म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तीन कामे कर. आज वहीत आपल्या हाताने लिही. उद्या तिच्या दारी जा. बुधवारी सभेत उभी राहून सांग. पैसे महिन्याला तीनशे देत जा, वर्षात फिटतील."

वहीत लिहिताना हात कापला, पण लिहिले. दुसऱ्या दिवशी तिच्या दारी गेले. तिने उभ्यानेच सारे ऐकले, एक शब्द बोलली नाही आणि दार लावून घेतले. तो तिचा हक्क होता. बुधवारी सभेत सांगितले. माझे नाव पटावरून काढावे असे काहीजणींनी म्हटले, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. मावशी म्हणाल्या, "नाव काढले तर पैसे मिळतील, बाई जाईल. आपल्याला दोन्ही हवेत."

२०१३ च्या डिसेंबरात शेवटचे तीनशे भरले. त्या दिवशी मावशींनी डबा माझ्यापुढे ठेवला. मी म्हटले, "मावशी, दुसऱ्या कोणाकडे द्या." त्या म्हणाल्या, "दुसरीकडे दिला, तर तू फिटली असे होईल, बरी झाली असे होणार नाही." मात्र त्यांनी एक नियम घातला, की यापुढे दोघींनी मिळून मोजायचे आणि पानावर दोघींच्या सह्या. विश्वास ठेवला, पण डोळे मिटून नव्हे. पुन्हा मोहाच्या तोंडी कोणाला एकटे सोडायचे नाही, हीही कृपाच.

दुसरी सही कोण करणार, असे विचारल्यावर जिचे मी नुकसान केले होते तीच पुढे आली. तोपर्यंत वर्षभर ती माझ्याशी बोलली नव्हती. आजही मी पैसे मोजले की ती पुन्हा एकदा मोजते. मला त्याचा राग येत नाही. त्या मोजण्याच्या आवाजात मला दरवेळी उरीयाचे नाव ऐकू येते.

मावशी २०२१ साली आपल्याला सोडून गेल्या.

वहिनी, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. देवाचे आवडते लोकही पडतात, हे त्या पुस्तकात लिहिले नसते, तर त्या नऊ दिवसांनंतर मी त्याच्यापुढे पुन्हा तोंड दाखवू शकले नसते. वाल्या आधी वाईट होता आणि मग चांगला झाला, त्याचा आधार नव्याने येणाऱ्याला होतो. पण जी वीस वर्षे प्रार्थना करते आणि मग चुकते, तिने कुठे जावे? तिच्यासाठी दावीद आणि पेत्र आहेत. म्हणून आम्ही ते पोराबाळांपुढे वाचतो. ती पोरेही एक दिवस चुकणार आहेत, आणि त्या दिवशी त्यांना घरी परत येण्याची वाट ठाऊक असली पाहिजे.

भगिनींनो, आपल्या गल्लीत अशा बाया आहेत की ज्या सभेच्या दारापर्यंत येतात आणि आत येत नाहीत. कोणी घर सोडून आलेली, कोणी कर्जात बुडालेली, कोणाचा मुलगा पोलिसात सापडलेला. त्या म्हणतात, आम्ही तुमच्यात बसण्यासारख्या नाही. यंदा आपण प्रत्येकीने अशा एकीच्या घरी जाऊन मावशींसारखे पाटावर बसावे. उपदेश नको, आधी चहा मागावा. खरे असेल ते खरेच म्हणावे, झाकू नये. आणि ती आली, की नुसते बसवून ठेवू नये, तिच्या हाती काही काम द्यावे. सतरंज्या घालण्याचे का होईना.

आता वर्षाचा हिशेब वाचायचा आहे. तो मी वाचीन, आणि दुसरी सही जिची आहे ती माझ्याशेजारी उभी राहील. आकड्यात काही चुकले तर ती मला सर्वांदेखत थांबवील, तसे आमचे ठरलेले आहे.

एवढे बोलून मी आपली रजा घेते. देव आपल्या मंडळाचे कल्याण करो.